ब्रेकवरचा पाय

काकासाहेबांच्या मोटारीचे ब्रेक आवळायचे असले की त्यांच्या बायकोला, द्वारकाबाईला, तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठावं लागायचं. काकासाहेब मोटारीखाली उताणे पडायचे, ती वर सीटवर बसायची, आणि खालून हुकूम यायचा, "दाब." ती पायाखालचं पेडल दाबायची. "सोड." ती सोडायची. "अर्धा दाब." अर्धा म्हणजे किती, हे इतक्या वर्षांत तिच्या पायाला पाठ झालं होतं.

मोटार इंग्रजांच्या काळातली, विलायती. पोलीस ॲक्शननंतर एक जहागीरदार घरदार आवरून हैदराबादेला निघून गेला, तेव्हा काकासाहेबांनी ती घेतली. तिच्या ब्रेकात तेलबिल काही नव्हतं. पेडलापासून चारी चाकांपर्यंत लोखंडी सळया गेलेल्या. पेडल दाबलं की सळया ओढल्या जायच्या आणि चाक धरलं जायचं. पण सळयांना जोडणाऱ्या पिना झिजून बारीक झाल्या होत्या, त्यांची भोकं लांबट झाली होती, आणि दर दोन-चार महिन्यांनी एखादं चाक आधी धरायचं तर एखादं धरायचंच नाही. मग काकासाहेब एकेक चाक जॅकवर उचलायचे, हातानं फिरवून बघायचे, पान्यानं आवळायचे. मिस्त्रीला त्यांनी मोटारीला कधी हात लावू दिला नाही. "मिस्त्रीच्या हाती मोटार अन् परक्याच्या हाती बाई देऊ न्हाई," असं ते चारचौघांत म्हणायचे, आणि चारचौघे हसायचे.

द्वारकाबाईला मोटारीशिवाय कुठं जाता येत नव्हतं, आणि मोटार काकासाहेबांशिवाय हलत नव्हती. माहेर टेंभुर्णीला, म्हणजे काही काशीला नाही. तरी वर्षातून एकदा जाणं व्हायचं, तेही सकाळी जाऊन दिवस मावळायच्या आत जालन्याला परत. आई सोनूबाई दारात उभी राहून मोटारीचा धुरळा दिसेनासा होईपर्यंत बघायची. मुलगा बद्रीनाथ औरंगाबादेला कॉलेजात गेल्यापासून घरात दोघंच उरली होती. काकासाहेब तिच्या अंगावर हात टाकणारे नव्हते, दारू पिणारे नव्हते. काय दुखतंय म्हणून कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू असताना, तिचा भाऊ संपत यानं निरोप धाडला की आईच्या अंगावरून वारं गेलं, उजवं अंग लुळं पडलंय, ताईला पाठवा. काकासाहेब म्हणाले, ब्रेक आवळल्याबिगर एवढ्या लांब जायचं नाही. मग गुरांच्या पेंडीच्या कामात ते अडकले. मग कुणाचं तरी लग्न निघालं. द्वारकाबाई रोज लुगडी घडी करून पिशवीत भरायची आणि संध्याकाळी पिशवी खुंटीला अडकवायची. शेवटी एका दिवशी ते सकाळी चहा पिता पिता म्हणाले, चल. ब्रेक मात्र आवळायचे राहून गेले होते.

जाफराबादच्या बाजूला दुष्काळी कामातून एक नवा रस्ता काढला होता. अजून त्यावर नुसता मुरूम पसरलेला, मोठ्या गाड्या जुन्याच रस्त्यानं जायच्या. काकासाहेबांनी जवळची वाट म्हणून मोटार त्या नव्या रस्त्याला घातली. त्या दिवशी कामाला सुट्टी होती, त्यामुळं रस्त्यावर माणूस नव्हतं, नुसते फोडलेल्या खडीचे ढीग दोन्ही अंगाला ओळीनं पडलेले. ऊन चढलं होतं. ओढ्याकडं उतरणारा लांब उतार लागला आणि काकासाहेबांनी पेडल दाबलं, तर ते जवळजवळ तळाला टेकलं. मोटार थांबली, पण थांबता थांबता अर्ध्या उतारावर आली.

हातब्रेक तर कधीचाच निकामी होता. काकासाहेबांनी तिला सीटवर आपल्या जागी बसवलं, पाय पेडलवर ठेवायला सांगितला, खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांना दगड लावले. मग तिला पाय काढायला सांगून त्यांनी मागचं एक चाक जॅकवर उचललं. चाक हातानं फिरावं म्हणून इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्येच ठेवली होती. धोतराचा काचा मारला आणि पाना घेऊन ते त्या चाकाच्या पुढून आडवे खाली शिरले.

"दाब."

तिनं दाबलं.

"सोड. आता अर्धा."

असं थोडा वेळ चाललं. पेडल हळूहळू वर येऊन राहिलंय हे तिच्या पायाला कळत होतं. ती समोर बघत होती. ओढा कोरडा होता आणि पलीकडच्या चढावर एक लिंबाचं झाड होतं.

नेमकं काय झालं ते मागाहून कुणालाच नीट सांगता आलं नाही. मुरमात जॅकचं बूड खचलं असावं. खाली खट्कन आवाज झाला, मोटार एका अंगाला बसली आणि पुढं सरकली. पुढच्या चाकानं एक दगड गिळला, दुसरा बाजूला उडाला. द्वारकाबाईनं काही विचार केला नाही. तिनं दोन्ही पाय पेडलवर घातले आणि स्टेअरिंगच्या कड्याला दोन्ही हातांनी धरून सगळं अंग मागं ताणलं. मोटार कुरकुरत थांबली.

मग खालून काकासाहेबांचा आवाज आला. असा आवाज तिनं त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"सोडू नको. द्वारके, पाय सोडू नको."

जॅक आडवा पडला होता आणि त्यांचा डावा हात कोपरापर्यंत जॅक आणि आसाच्या मधी सापडला होता. मागचं चाक त्यांच्या बरगडीला येऊन टेकलं होतं. मोटार आणखी वीतभर पुढं गेली असती तर चाक छातीवर चढलं असतं. हे त्यांनी तुटक तुटक सांगितलं. तिला दिसत काहीच नव्हतं. तिला दिसत होता समोरचा उतार, आणि रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग. मागं, वरच्या अंगाच्या ढिगाशेजारी न फोडलेले मोठे दगडही तिनं येताना बघितले होते, उचलून चाकाला लावायचे म्हटलं तर पाच-पन्नास पावलांवर. पण उतरणार कोण?

पेडलावरचं रबर केव्हाच झिजून गेलं होतं. तापलेलं लोखंड तळपायाला चटके देत होतं आणि जोडवी बोटात रुतत होती. तिनं पायाची जागा थोडी बदलायला पाहिलं. तेवढ्यानं मोटार कण्हली, बोटभर सरकली, आणि खालून काकासाहेब ओरडले. त्यानंतर तिनं हलायचं सोडून दिलं.

आधी दोघांनी हाका मारून पाहिल्या. तिचा आवाज ओढ्यापर्यंत जाऊन विरला. त्यांना तर मोठा श्वासच घेता येत नव्हता. मग काकासाहेब खालून हुकूम करू लागले, जसे नेहमी करत. हॉर्न वाजव. तिनं वाजवला, तर एका झाडावरचे कावळे उडाले. मग ते म्हणाले, गेर टाक. मोटार गेरमध्ये पडली तर इंजिनच तिला धरून ठेवील.

गेरच्या दांडीला तिनं आजवर कधी हात लावला नव्हता, धूळ पुसतानासुद्धा नाही. काकासाहेबांनी सांगितलं, डावा पाय उचल, डावीकडचं पेडल तळापर्यंत दाब, ते क्लच. मग दांडी आपल्याकडं ओढून मागं घे. तिनं डावा पाय उचलला. एकट्या उजव्या पायाच्यानं पेडल धरवेना. मोटार पुन्हा सरकली. दांडी ओढली तर आत दातावर दात घासल्यासारखा आवाज झाला आणि दांडी उडून माघारी आली. चाक त्यांच्या बरगडीत रुतलं.

"नको नको, राहू दे. हात लावू नको तिला. दोन्ही पाय ठेव."

तिनं दोन्ही पाय ठेवले.

ऊन टपावरून उतरून तिच्या मांडीवर आलं. आधी पोटऱ्यांत गोळे आले, मग गुडघे थरथरू लागले, मग उजव्या पायाला मुंग्या येऊन तो कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा वाटू लागला. तो पेडलवर आहे की नाही, हे खाली वाकून बघितल्याशिवाय कळेना. घाम डोळ्यांत जात होता, पदरानं पुसायला हात मोकळा नव्हता. माशी ओठावर बसली तर बसू द्यायची. पाण्याची सुरई मागच्या सीटवर होती. तिचा ओला वास येत होता.

ती आईचा विचार करायला बघत होती. पण आईचा चेहराही नीट समोर येईना. पाय, पेडल, पाय, पेडल, एवढंच डोक्यात फिरत होतं. तिला वाटलं, माणसाला दावणीला बांधतात तेव्हा निदान दावं दिसतं तरी.

खालून काकासाहेबांनी हाक मारली. हळू, जवळ बसून मारावी तशी.

"द्वारके, माझ्यावर राग हाय का तुझा?"

लग्न होऊन एवढी वर्षं झाली, हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता. तिला हसू आलं की रडू, तिचं तिलाच कळलं नाही.

"आता नका इचारू," ती म्हणाली.

"न्हाई, सांग."

"आता माझा पाय तुमच्या जिवावर हाय. आता काय बी सांगितलं तरी तुमी खरं मानणार न्हाई. मागून इचारा."

थोड्या वेळानं ते म्हणाले, आईकडं तुला आधीच न्यायला पाहिजे होतं. खरं बोलतायत की भीतीनं बोलतायत, हे शोधत बसायला तिच्यापाशी ताकद नव्हती.

सावल्या लांबू लागल्या तशी तिला एक गोष्ट स्वच्छ कळून आली. कुणी येणार नाही. आणि पाय काही संध्याकाळपर्यंत टिकणार नाही. तो आपोआप निसटेल, तिला विचारणारही नाही. निसटायच्या आधी आपण काहीतरी केलं पाहिजे.

तिनं मघाचं सगळं आठवून पाहिलं. डावा पाय उचलला तेव्हा मोटार सरकली, कारण उजव्यात जोर कमी पडला. तिनं अंग खाली घसरवलं, पाठ सीटच्या बुडाशी दाबली, उजवा गुडघा ताठ केला आणि कंबरेचा सगळा भार त्या एका पायात उतरवला. मग डावा पाय हळूच, कातडी सोलावी तसा, पेडलवरून काढला. मोटार हलली नाही.

"काय करून राह्यली?" खालून आवाज आला.

"गेर टाकते."

"नको म्हटलं ना तुला. मघा काय झालं बघितलं न्हाई का?"

तिनं क्लच दाबलं. दांडी ओढली. पुन्हा तेच दातावर दात. तिनं दांडी सोडली, क्लच सोडलं, पुन्हा दाबलं. काकासाहेब कधी कधी गेर अडला की असंच करतात, दोनदा दाबतात, हे तिनं शेजारी बसून हजारदा बघितलं होतं. या खेपेला तिनं दांडी न झटकता नुसती दाबून धरली. आत काहीतरी फिरलं आणि दांडी लोण्यात सुरी जावी तशी मागं गेली.

तिनं क्लचवरचा पाय काढला. आता एकच गोष्ट उरली होती, आणि तीच मोठी होती. गेर बरोबर पडलाय की नाही हे ब्रेक सोडल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि नसला पडला तर कळून उपयोग नव्हता.

"गेर पडला," ती म्हणाली. "मी पाय काढते."

"द्वारके, नको. कुणीतरी येईल. थोडा वेळ धर."

"कुणी येत न्हाई."

"तू राग धरून करून राह्यली हे." त्यांचा आवाज फाटला होता. ते रडत होते.

"राग हाय," ती म्हणाली. "पण पाय त्याच्यासाठी काढत न्हाई. पाय थकला माझा. आता काढला न्हाई तर तो मला न इचारता निघंल. तुमी अंग चोरून घ्या."

त्यांनी देवाचं नाव घेतलेलं तिला ऐकू आलं. तिनं पाय पाऊण सोडला. मोटार तसूभर सरकली. अर्धा सोडला. इंजिनात कुठंतरी दबका सुस्कारा निघाला. मग सगळा सोडला, आणि पाय पेडलाच्या वर तसाच अधांतरी धरून बसली. मोटार थांबलेली होती.

दार उघडून ती उतरायला गेली आणि सरळ मुरमात पडली, कारण उजवा पाय होताच कुठं! ती हातांवर आणि एका गुडघ्यावर मागं, वरच्या अंगाच्या खडीच्या ढिगापर्यंत गेली. दगड उचलवेना तेव्हा तो ढकलत आणला. उतार असल्यानं तेवढं बरं, दगड तिच्या पुढं पुढं घरंगळत होता. पुढच्या चाकाला एक, दुसऱ्याला एक, मागच्या चाकाच्या पुढं, काकासाहेबांच्या बरगडीला लागून आणखी एक, पक्का ठोकून. काकासाहेबांचा चेहरा तिला तेव्हा पहिल्यांदा दिसला. तो मुरमानं पांढरा झाला होता आणि घामाच्या रेघा कानापर्यंत गेल्या होत्या. त्यांनी तिच्याकडं बघितलं आणि नजर काढली.

ती लगेच त्यांना सोडवायला गेली नाही. तिनं मागच्या सीटवरून सुरई काढली, मोटारीच्या सावलीत पाठ टेकून बसली आणि घटाघट पाणी प्यायली. त्यांनी दोनदा हाक मारली. तिचं पिऊन झालं, तोंड पुसून झालं, मग तिनं सुरई वाकवून त्यांच्या तोंडात धार धरली. नंतर चाक काढायच्या कांबीनं आडव्या जॅकखालचा मुरूम उकरत बसली. जॅक खचला, हात मोकळा झाला. तो सुजून वांग्यासारखा झाला होता. मनगटाचं हाड तडकल्याचं पुढं डॉक्टरांनी सांगितलं.

बाहेर येऊन काकासाहेब बराच वेळ रस्त्यावर बसून राहिले. मग उठले, मोटारीभोवती एक चक्कर मारली, वाकून सळया बघितल्या, खिडकीतून हात घालून गेरची दांडी चाचपली. हळूहळू त्यांच्या अंगात त्यांचे नेहमीचे काकासाहेब परत आले. ते म्हणाले, अशी मोटार टेंभुर्णीला न्यायची नाही. दोन चाकं अजून सैल आहेत. तेवढी आवळून जालन्याला माघारी फिरू, मग पुढच्या आठवड्यात बघू.

"एका हातानं करतो मी," ते म्हणाले. "तू वर बस. जरा दाब."

द्वारकाबाई सावलीतून हलली नाही.

"मी बसत न्हाई," ती म्हणाली. "मी टेंभुर्णीला चालले."

"पायावर उभं राहता येईना अन् चालली म्हणते."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण तेवढ्यात मागच्या अंगानं एक बैलगाडी उतारावरून येताना दिसली. गाडीत पाण्याचं पिंप होतं. गाडीवान कडूबा, टेंभुर्णीच्या वरच्या आळीतला, लांबच्या विहिरीवरून पाणी भरून आडवाटेनं गावाकडं निघाला होता. मोटार बघून त्यानं बैल थांबवले. काय झालं ते ऐकून घेतलं. द्वारकाबाईनं त्याला विचारलं, संपतच्या घरापर्यंत सोडशील का. कडूबानं काकासाहेबांकडं बघितलं. त्यांची परवानगी येईपर्यंत ती थांबली नाही. चाकाच्या आऱ्यावर डावा पाय देऊन, दांडी धरून, तिनं स्वतःला पिंपाशेजारी ओढून घेतलं. कडूबानं शेवटी तिच्या काखेत हात देऊन मदत केली.

काकासाहेब मोटारीपाशी उभे राहिले. उतारावर मोटार एकटी सोडून त्यांना जाता येईना, आणि एका हातानं हलवता येईना. कडूबा म्हणाला, गावातून माणसं धाडतो. गाडी चालू लागली तेव्हा द्वारकाबाईला वाटलं होतं की आपण मागं वळून बघू. पण पिंपातलं पाणी डुचमळून अंगावर येत होतं, आणि ते इतकं गार होतं की तिनं डोळे मिटून घेतले.

संपतची बायको कांताबाई हिनं तिला धरून आत नेलं आणि आईच्या शेजारी दुसरी बाज टाकून दिली. सोनूबाईला वळून बघता येत नव्हतं. जीभ जड झाली होती. लेक आलीय हे कळल्यावर तिनं डाव्या हातानं चाचपत चाचपत लेकीचा पाय शोधला आणि काय दुखतंय ते न विचारता पोटरी दाबायला लागली. त्या हातात फार जोर नव्हता. तरी द्वारकाबाईचा पाय हळूहळू तिचा तिला परत मिळाला.

पुढं ती जालन्याला परत गेली. पण ते आई गेल्यावर, पोळ्याच्या सुमाराला, आणि आपल्या मनानं. काकासाहेबांनी तोवर मोटार एका मिस्त्रीकडं दिली होती. एका हातानं सळया आवळता येईनात, आणि वर बसून पेडल दाबायला कुणी नव्हतं. लोकांना ते सांगायचे की जॅक निसटला, पण इंजिनानं गाडी धरली. द्वारकाबाईनं ते कधी खोडून काढलं नाही. इंजिनानंच धरली होती.

मधल्या काळात ते एकदा टेंभुर्णीला आले होते, कुणाच्या तरी जीपमध्ये बसून, हात गळ्यात बांधलेला. ओसरीवर बसले. घरी स्वयंपाकाचे हाल होतायत, बद्रीनाथ सुट्टीला यायचाय, असं संपतला ऐकवत राहिले. द्वारकाबाईनं त्यांना ताट वाढलं, एका हातानं जमत नव्हतं म्हणून भाकरी कुस्करून दिली. जेवण झाल्यावर त्यांनी तिच्याकडं न बघता विचारलं की कधी निघायचं. ती म्हणाली, आई हाय तोवर न्हाई. ते चूळ भरायला उठले.

जीप गेल्यावर ती आत आली. सोनूबाईनं जड जिभेनं विचारलं, कोण आलं होतं.

"जालन्याचे पाव्हणे आल्ते," द्वारकाबाई आईच्या अंगावरची वाकळ सारखी करत म्हणाली. "जेवून गेले."